पुनावळ्याहून हबसाणात

खुलताबादला आमच्या आजोळी, गावाबाहेर एक काळसर दगडाचा घुमट आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मुलं त्याच्या ओट्यावर बसून कैऱ्या खायचो. घुमट कोणाचा असं विचारलं की आजोबा म्हणायचे, "अंबरचा." तेवढंच. हा अंबर कोणी पीर असावा अशी माझी समजूत होती. कॉलेजात गेल्यावर कळलं, की तो मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनमध्ये आलेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार एकहाती चालवणारा. १६१० मध्ये त्यानं खडकी हे शहर वसवलं. त्याचंच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून, जमिनीखालून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. विकत घेतलेल्या माणसानं विकत घेणाऱ्यांच्या मुलखाला पाणी दिलं, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

पुनावळ्यात येऊन मला चौदा वर्षं झाली. आमच्या इमारतीत मूळचं पुनावळ्याचं कुणी नाही. गावठाणातली जुनी घरं पलीकडे आहेत, अलीकडे आमचे मनोरे. कुणी लातूरचं, कुणी यवतमाळचं, कुणी बिहारमधल्या छपऱ्याचं. चाकणच्या कंपन्यांच्या बस पहाटे महामार्गाच्या कडेला थांबतात, हिंजवडीच्या गाड्या त्यानंतर. लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "गाव कुठलं?" आणि उत्तर कधीच पुनावळे हे नसतं.

खालच्या मजल्यावरचे काका श्रीवर्धनचे. चाकणला एका कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. गणपतीत एकदा खुलताबादचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्या अंबरचे भाऊबंद आमच्यावर राज्य करत होते. माझ्या वडलांच्या जन्माच्या दाखल्यावर संस्थान जंजिरा असं लिहिलेलं आहे." मी जंजिरा पाहिला नव्हता. महाराष्ट्रात राहून, शाळेत पाचदा त्याचं नाव पाठ करून पाहिला नव्हता. जानेवारीतल्या एका मंगळवारी आम्ही दोघं निघालो.

पहाटे पाचला पुनावळ्याचा भुयारी मार्ग मोकळा असतो, हे सुख ज्यानं त्यानं अनुभवावं. पिरंगुट, पौड, मग मुळशीच्या धरणाचं पाणी दिसेपर्यंत उजाडलं होतं. ताम्हिणीत धुकं होतं. घाट उतरला की हवा बदलते. अंगावरचा स्वेटर माणगावला काढून ठेवला. तिथून साई, म्हसळा, बोर्ली पंचतन करत दिघीला. म्हसळा सोडल्यावर काका म्हणाले, "आता तू हबसाणात."

हबसाण. हा शब्द मी पहिल्यांदा कानांनी ऐकला. हबश म्हणजे ॲबिसिनिया, तिथले ते हबशी आणि हबशांचा मुलूख तो हबसाण. मराठ्यांच्या कागदपत्रांत इथल्या हबशी राज्यकर्त्याला, म्हणजे सिद्दीला, शामळ असंही म्हणतात. आपण जंजिरा म्हटलं की फक्त किल्ला आठवतो. पण जंजिरा हे एक राज्य होतं. इंग्रजी अमदानीत त्याचं क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल मोजलेलं आहे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा पट्टा त्यात. शिवाय दूर काठियावाडातलं जाफराबादही जंजिऱ्याच्याच ताब्यात. ज्या बाळाजी विश्वनाथापासून पेशवाई भट घराण्यात आली, ते भट श्रीवर्धनचे देशमुख, म्हणजे सिद्दीच्याच मुलखातले. त्यांचं कुलदैवत हरिहरेश्वरही याच संस्थानच्या हद्दीत. पेशव्यांचं मूळ गाव आणि पेशव्यांचा हाडवैरी एकाच मुलखातला, हे मी त्या दिवशी रस्त्यावरच्या पाट्या वाचता वाचता शिकलो.

दिघीच्या धक्क्यावरून गाड्यांसह पलीकडे आगरदांड्याला नेणारी मोठी फेरीबोट सुटते. राजपुरीची खाडी इथं समुद्राला मिळते. बोटीच्या वरच्या मजल्यावर उभं राहिलो आणि मुखाशी तो दिसला. लांबून जंजिरा उंच वाटत नाही. डोंगरी किल्ले पाहिलेल्या डोळ्यांना तर अजिबात नाही. काळ्या दगडाचं एक कडं पाण्यावर ठेवल्यासारखं दिसतं. आत डोंगर नाही, शिखर नाही, नुसती भिंत. मनात आलं, याच्यापुढे सगळे हरले?

राजपुरीहून शिडाच्या होडीनं जायचं. होडीवाल्या चाचांनी वारा पाहिला, शीड सोडलं आणि पुढची वीस मिनिटं कोणी बोललं नाही. होडी जवळ जाते तशी भिंत वाढत जाते. पाण्यातून सरळ वर आलेली, पायाशी उभं राहायला वीतभर जागा नाही. शिडी लावायची तर कशावर टेकवायची? दरवाजा राजपुरीच्या बाजूला आहे, तरी अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही. दोन बुरुजांच्या घडीत तो लपलेला आहे. म्हणजे शत्रूचं गलबत दाराशी पोचेल तेव्हा ते दोन्हीकडच्या तोफांच्या तोंडाखाली असणार. डोंगरी किल्ल्याचं बळ चढणीत असतं, इथं ते या आडोशात आणि भरती-ओहोटीत आहे.

दाराशी एक शिल्प आहे. एका हिंस्र श्वापदानं चारी पायांत हत्ती धरलेत आणि एक शेपटीत गुंडाळलाय. हत्ती म्हणजे दख्खनच्या बलाढ्य सत्ता, असा त्याचा अर्थ लावतात. असेल. मला त्या प्राण्याच्या चेहऱ्यावरचा निवांतपणा जास्त लक्षात राहिला.

जंजिरा हा शब्दच अरबी जझिऱ्यावरून आला, त्याचा अर्थ बेट. किल्ल्याचं पूर्ण नाव जंजिरे मेहरूब. पण मुळात हे बेट कोळ्यांचं. चाच्यांपासून बचावाला राजपुरीच्या कोळ्यांनी त्यावर लाकडी मेढेकोट उभारला होता आणि त्यांचा नाईक होता राम पाटील. परंपरा सांगते, की निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, वादळाचं निमित्त करून आसरा मागितला, गलबतावरची दारूची पिंपं कोळ्यांना भेट दिली आणि रात्री ते झिंगलेले असताना पेट्यांतून माणसं बाहेर पडली. पुढे १५६७ ते १५७१ या काळात बुऱ्हाणखानानं मेढेकोटाच्या जागी दगडी तट बांधला. १६१७ मध्ये सिद्दी अंबर नावाच्या दुसऱ्या एका हबशाला इथली जहागीर मिळाली आणि संस्थानाचा मूळपुरुष म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. हा खुलताबादच्या घुमटातला मलिक अंबर नव्हे. नाव तेच, काळ तोच, नशीबही बरंचसं तेच.

हबशी इथवर आले कसे, हे समजून घ्यायला समुद्राच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावं लागतं. आफ्रिकेतून माणसं दोन दिशांना नेली गेली. पश्चिमेला अटलांटिक ओलांडून साडेतीनशे वर्षांत सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. त्यांतली फार मोठी संख्या कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर उसाच्या मळ्यांत राबून मेली. तिथलं मॉन्सेरात हे बेट आजही ब्रिटनच्या ताब्यात आहे. क्षेत्रफळ १०२ चौरस किलोमीटर, म्हणजे जंजिरा संस्थानाच्या जेमतेम आठव्या हिश्शाएवढं. १७ मार्च १७६८ ला तिथल्या गुलामांनी मालक सणाच्या मेजवानीत गुंतलेले असताना उठाव करायचं ठरवलं. बेत फुटला, पुढारी फासावर गेले. त्या तारखेला तिथे आता सार्वजनिक सुटी असते.

पूर्वेला आलेल्यांचं नशीब वेगळं निघालं. हेही विकलेच गेले होते आणि त्यात गोड असं काही नव्हतं. पण दख्खनच्या सुलतानांना मळ्यात राबणारे हात नको होते, लढणारी माणसं हवी होती. घोडा आणि तलवार हातात आली की माणूस फार काळ गुलाम राहत नाही. मालक मेला की मोकळा, मोकळा झाला की सरदार, सरदार झाला की किल्लेदार. मॉन्सेरातच्या त्या माणसांचे आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज तशाच बाजारांत उभे केले गेले असतील. एकाला ऊस मिळाला, दुसऱ्याला आरमार. वारा कुठल्या दिशेचा, एवढाच फरक. होडीत बसून शिडाकडे बघताना हे पटकन पटतं.

आणि मग आमचा पराभव. मी आमचा म्हणतो, कारण शाळेत तो तसाच शिकलो. शिवाजी महाराजांनी कोकण घेतलं तेव्हा किनारा स्वराज्याचा झाला आणि हे बेट तेवढं राहिलं. घरात शिरलेल्या उंदराची उपमा सिद्दीला दिलेली आढळते. १६६९ पासून वेढा इतका आवळला गेला, की सिद्दी फत्तेखान किल्ला द्यायला तयार झाला. तिथे मराठे जिंकलेच होते. पण फत्तेखानाच्याच हाताखालच्या संबूळ, कासम आणि खैर्यत या तिघांनी त्याला कैद केलं आणि औरंगजेबाकडे मदत मागितली. सिद्दी मोगलांचे आरमारप्रमुख झाले, हजला जाणाऱ्या जहाजांची राखण त्यांच्याकडे आली, त्याबद्दल सुरतेहून पैसा मिळू लागला. १६७१ च्या होळीच्या रात्री कासम आणि खैर्यत यांनी समोरच्या किनाऱ्यावरचं दंडा-राजपुरीचं ठाणं मराठ्यांकडून परत घेतलं. दारूचं कोठार उडालं. खाफीखान लिहितो, की दूरवर झोपलेले महाराज त्या क्षणी दचकून जागे झाले.  

महाराजांनी हार मानली नाही. जंजिऱ्याच्या वायव्येला कासा नावाच्या खडकावर त्यांनी पद्मदुर्ग उभा करायला घेतला, सिद्दीच्या तोफांदेखत. १६७५ मध्ये पद्मदुर्गाला रसद पोचवण्यात दिरंगाई करणाऱ्या सुभेदाराला त्यांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यातला संताप वाचला की या बेटानं त्यांना किती छळलं असेल ते कळतं. पुढच्या वर्षी मोरोपंत पिंगळे वेढ्यावर असताना लाय पाटील या कोळ्यानं, रात्री, होड्यांतून, त्या तटाला शिड्या लावल्या. खरोखर लावल्या. ठरल्याप्रमाणे धारकरी यायचे होते, ते वेळेत पोचले नाहीत. उजाडायच्या आत लाय पाटलाला शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी त्याला पालखी देऊ केली. दर्यातल्या माणसाला पालखी काय कामाची, म्हणून त्यानं नाकारली, तेव्हा पालखी नावाचं गलबत त्याला दिलं, असं सांगतात. मी तटावरून खाली वाकून पाहिलं. पाणी दगडावर आदळत होतं. रात्री, त्या पाण्यावर हलणाऱ्या होडीतून, वर पहारे असताना शिडी उभी करायची. जंजिऱ्याच्या दारात फलक लावायचा असेल तर पहिला या माणसाच्या नावाचा लावावा.

संभाजी महाराजांच्या काळात कोंडाजी फर्जंद फितुरीचं सोंग घेऊन किल्ल्यात शिरला. बेत उघडा पडला आणि त्याची मान गेली. १६८२ च्या आरंभी संभाजीराजे स्वतः राजपुरीला येऊन बसले. तोफांनी तट फुटेना, तेव्हा किनाऱ्यापासून बेटापर्यंत खाडीत दगडांचा भराव घालायला सुरुवात झाली. रामायणातला सेतू कोकणात पुन्हा बांधायला काढला होता म्हणा ना. मोगल फौज उत्तर कोकणात उतरली आणि महाराजांना जावं लागलं. राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की हे अंतर फसवं वाटतं, हाक मारली तर ऐकू जाईल असं. नंतर फासे इतके उलटे पडले, की १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला आणि पुढे तो सिद्दीच्या ताब्यात आला. १७३३ मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला.

सिद्दीच्या बाजूनं पाहिलं तर हा काळ त्यांच्या भरभराटीचा. कासम आता याकूतखान झाला होता. १६८९ मध्ये तो मुंबईवर चालून गेला. शिवडी, माझगाव, माहीम त्यानं घेतलं आणि इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडलं. कंपनीला औरंगजेबापुढे नाक घासून दीड लाख रुपये दंड भरावा लागला, तेव्हा कुठे १६९० मध्ये तो निघाला. मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. हबशांनी मुंबई वर्षभर धरून ठेवली होती, हे ऐकून आमच्या इमारतीतला एकही मुंबईकर विश्वास ठेवायला तयार होत नाही.

पण सिद्दींचं कौतुक करताना किनाऱ्यावरच्या गावांचं विसरून चालणार नाही. सिद्दीची आरमारं पावसाळ्यानंतर बाहेर पडली की कोकणात गावं जळत, बायामाणसं धरून नेली जात. गुलामांच्या वंशजांनी इतरांना गुलाम केलं. १७२७ मध्ये अंजनवेलच्या सिद्दी सातानं चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ उद्ध्वस्त केलं आणि पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांनी साताऱ्यापासून पुण्यापर्यंत सगळ्यांना हलवून सोडलं. १७३३ ला बाजीराव स्वतः मोहिमेवर आले, १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी सिद्दी साताला लढाईत मारलं आणि मुलुखाची वाटणी झाली. बेट मात्र सिद्दीकडेच. काकांच्या घरात अजून म्हणतात, "शामळ येईल हं," असं सांगून आजी मुलांना झोपवायची. मी हे दोन्ही हिशेब मांडतो, कारण एकाच बाजूनं मांडला की जंजिरा समजत नाही.

१७९१ मधली एक गोष्ट मला फार आवडते. गादीच्या भांडणात बाहेर पडलेल्या एका सिद्दी वारसानं जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा सचिनचा मुलूख घेतला. सचिन संस्थान खरोखर उभं राहिलं आणि १९४८ पर्यंत टिकलं. पेशव्यांना कागद मिळाला, बेट काही मिळालं नाही. कॅरिबियनमधलं सेंट लुसिया हे बेट इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात चौदा वेळा हात बदलत गेलं म्हणतात. जंजिरा मात्र तीनशे वर्षांत एकदाही गेला नाही. त्याचं एक कारण तटाबाहेरचं आहे. इथं थोरला मुलगाच वारस असा दंडक बराच काळ नव्हता, सिद्दी सरदारांची जमात आपल्यातला कर्ता माणूस निवडून पुढे करी. फत्तेखान डगमगला तेव्हा तिघांनी जे केलं, तो बंडखोरपणा होता आणि तीच त्यांची रीतही होती.

किल्ल्यात वाटाड्या बावीसचा पाढा म्हणतो. बावीस एकर, बांधायला बावीस वर्षं, बावीस सिद्दी, बावीस टनांची तोफ. इतके बावीस एके ठिकाणी आले की मला शंका येते, पण त्याच्या आवाजातला अभिमान खरा होता, म्हणून मी काही बोललो नाही. कलालबांगडी तोफ मात्र पाहावी. जानेवारीच्या उन्हातही हात भाजतो. शेजारी चावरी आणि लांडा कासम. तोफांची तोंडं अजून समुद्राकडेच आहेत. पश्चिमेला दर्या दरवाजा, संकटात निसटायला. मधोमध सिद्दी सुरूलखानाचा वाडा, छप्पर गेलेला, कमानी उभ्या, भिंतीतून वडाच्या मुळ्या उतरलेल्या.

आणि तलाव. मी खरं तर त्यासाठीच आलो होतो. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मधोमध दगडात बांधून काढलेले गोड्या पाण्याचे दोन तलाव. पायऱ्या उतरून खाली गेलो. पाणी हिरवट होतं, वर पानं साचलेली. वेढा घालणाऱ्यांकडे तोफा होत्या, माणसं होती, जिद्द होती. आतल्यांना तहानेनं मारता येत नव्हतं. मला खुलताबादच्या वाटेवरचे नहरीचे दगडी मनोरे आठवले. ही माणसं ज्या मुलखातून आली तिथं पाण्याची किंमत काय असेल, कोण जाणे. जिथे पोचली तिथे त्यांनी आधी पाणी राखलं.

या तटाच्या आत एक गाव होतं. मशीद, शाळा, मोहल्ले. संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि गाव हळूहळू ओसरलं. मॉन्सेरातची राजधानी प्लिमथही अशीच ओस आहे, पण तिथे १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि शहर राखेखाली गेलं. जंजिऱ्यावर कोणतीही आपत्ती कोसळली नाही. दवाखाना पलीकडे, बाजार पलीकडे, नोकरी पलीकडे, आणि पावसाळ्यात होडी बंद. एकेक घर होडीत बसून गेलं. होडीवाले चाचा म्हणाले, "आमचे लोक किल्ल्यातलेच. आता कौलं पन ऱ्हायली न्हाईत."

परत येताना दूरवर पद्मदुर्ग दिसत होता. पुढे तोही सिद्दीकडे गेला. त्याच्या तटात एक नवल आहे. खाऱ्या वाऱ्यानं दगड झिजून आत गेलेत आणि दोन दगडांमधला चुना मात्र जसाच्या तसा पुढे उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, आमच्या पुनावळ्यापासून तासाभरावरचा लोहगडही त्यात आहे. त्या घोषणेच्या दिवशी मला आनंद झाला होता. पद्मदुर्गाकडे पाहताना वाटलं, त्या चुना मळणाऱ्यांचंही नाव कुठेतरी असायला हवं होतं.

राजपुरीजवळ खोकरी म्हणून जागा आहे. तिथे तीन घुमट. सगळ्यात मोठा सुरूलखानाचा, शेजारी याकूतखान आणि खैर्यतखान. होळीच्या रात्री दंडा-राजपुरी घेणारे ते दोघं. लेखांवरून खैर्यत १६९६ मध्ये आणि याकूत १७०६ मध्ये गेला. मी बराच वेळ उभा राहिलो. खुलताबादचा घुमट डोळ्यांसमोर होता. तोच आकार, तोच दगड, तसाच एकटेपणा. काकांनी चपला बाहेर काढल्या आणि आत जाऊन हात जोडले. त्यांच्या पूर्वजांची घरं या माणसांनी जाळली असतील. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मुरूडला जेवलो. तांदळाची भाकरी, सुरमईची आमटी. गावावरच्या टेकाडावर नवाबाचा अहमदगंज राजवाडा आहे. खासगी मालमत्ता, रस्त्यावरूनच पाहायचा. १८७९ ते १९२२ असा दीर्घकाळ राज्य केलेला नवाब सिद्दी अहमदखान इथला. त्याची बेगम नाझली १९०८ मध्ये त्याच्यासोबत युरोपात गेली आणि परतल्यावर तिनं उर्दूत प्रवासवर्णन छापलं. लेखिका अतिया फैजी ही तिची बहीण. मुरूडहून निघालेली बाई लंडन-पॅरिसबद्दल लिहिते आणि आपल्याला मुरूडबद्दल एवढी कमी माहिती असते. नवाबांचं शिकारीचं राखीव रान आज फणसाड अभयारण्य आहे. १९८६ मध्ये ते जाहीर झालं आणि तिथल्या झाडांवर शेकरू दिसतात. मुरूडला गारंबीच्या डोंगरातून पाणी आणायची योजना नवाबी काळातलीच. पुन्हा पाणी.

परतीच्या बोटीला वेळ होता म्हणून राजपुरीच्या धक्क्यावर चहा घेतला. शेजारी एक म्हातारी सुकट घेऊन बसली होती. काकांनी पावशेर घेतली आणि सवयीनं विचारलं, "गाव कुठलं, चाची?"

तिनं मान वळवून समुद्राकडे पाहिलं. "माहेर ते," म्हणाली.

जंजिऱ्याच्या मागे सूर्य टेकला होता, भिंत काळी पडली होती. मी तिला सांगितलं, की आम्ही आत्ताच तिथून आलो. किती वर्षं झाली तुम्ही गेलाच नाहीत? तिनं हातानं मोजायचं सोडून दिलं. सुकट कागदात बांधता बांधता तिनंच विचारलं, "तलावात पानी हाय का अजून?"

"आहे," मी म्हटलं.

"गोडंच असंल," ती म्हणाली, आणि सुट्टे पैसे शोधू लागली.